पनवेलच्या घंटागाडीमागून

पनवेल हे मुंबईचे दार. कोकणात जाणारी गाडी असो, पुण्याची एसटी असो की घाटावरून उतरणारा ट्रक असो, पनवेलला वळसा कुणाला चुकत नाही. एके काळी हे खाडीकाठचे बंदर होते. तांदळाचा व्यापार होता. इथली बैलगाडीची चाके दूरवर प्रसिद्ध होती. १८५२ साली इथे नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल ही रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजे आणि आजूबाजूची गावे एका छत्राखाली आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारीच नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटनही झाले.

जुन्या गावात अजून वडाळे तळे आहे, कृष्णाळे तळे आहे, कौलारू घरांच्या गल्ल्या आहेत. रेल्वे ओलांडून पलीकडे गेले की सिडकोच्या इमारती आणि त्यांच्या पाठीमागे टोलेजंग टॉवर. पाहुणा आला की आपण त्याला कर्नाळ्याचा किल्ला दाखवतो, पक्षी अभयारण्य दाखवतो, शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव दाखवतो. या वेळी मात्र वाचकांना मी वेगळ्याच वाटेने नेणार आहे. ही वाट कोणत्याही पर्यटन पुस्तकात नाही. ही कचऱ्याची वाट आहे. आपल्या घराच्या डब्यापासून ती निघते आणि तळोज्याच्या पलीकडे कुठे तरी दिसेनाशी होते. तिच्यावर जी माणसे चालतात ती बहुतांशी आपलीच आहेत, म्हणून ही वाट आपण एकदा तरी डोळे उघडे ठेवून चालली पाहिजे.

पहाटेची वसाहत

सकाळी सहाच्या सुमाराला वसाहतीत घंटागाडी येते. गाणे वाजते, बाया डबे घेऊन खाली येतात, गाडीवरची दोन माणसे ओला-सुका वेगळा करीत डबे रिकामे करतात. पाच मिनिटांत गाडी पुढच्या गल्लीत. या दोन माणसांचे नाव आपल्याला ठाऊक असते काय? बहुतेकांना नसते. "कचरेवाला आला" एवढेच आपण मुलांना सांगतो. जणू ते माणसाचे नावच आहे.

त्यांच्याशी बोलायला लागावे म्हणजे गावे उलगडतात. जालना, परभणी, बीड, लातूर, सोलापूर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईकडे जी माणसे आली, त्यांची ही तिसरी पिढी. कुणी घाटकोपरहून, कुणी गोवंडीहून घर स्वस्त मिळेल म्हणून पनवेलच्या बाजूला सरकलेले. घरात बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर, मुलगी दहावीला, मुलगा आयटीआयला. त्यांच्या बरोबरीने मातंग, मेहतर, वाल्मीकी समाजाचे, भटक्या विमुक्तांचे बांधवही आहेत. उत्तरेतून आणि बंगालकडून आलेले गरीब मुसलमान आहेत. कचऱ्याला जात नसते, पण कचरा उचलणाऱ्याला मात्र अजून आहे. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की या देशात माणूस काम करतो म्हणून भंगी ठरत नाही. तो काम करो वा न करो, जन्माने भंगी ठरतो. आज झाडूला मशीन आले, गाडीला हायड्रॉलिक आले. पण मशीन चालवायला कोण बसले आहे ते पाहा.

घंटागाडी भरली की ती तळोज्याच्या दिशेने निघते. तळोजे एमआयडीसीच्या पलीकडे घोट परिसरात सिडकोने कचऱ्याची क्षेपणभूमी उभारली. घोटच्या आसपासच्या गावकऱ्यांनी वास आणि धुराविरुद्ध अनेकदा आवाज उठवला आहे. एमआयडीसीतच मुंबई वेस्ट मॅनेजमेंट या कंपनीचे कारखान्यांतल्या घातक कचऱ्याचे केंद्र आहे. रंगाचे, औषधांचे, रसायनांचे कारखाने आपला विषारी गाळ तिथे पाठवतात. ही कंपनी ज्या रामकी समूहातली, त्याच्या पर्यावरण कंपनीत २०१८ साली केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने साठ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. सांगायचा मुद्दा एवढाच की कचरा हा आता झाडू-टोपलीचा धंदा राहिलेला नाही. तो जगाच्या भांडवलाचा धंदा झाला आहे. कुणावर आरोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही. एवढा मोठा पैसा ज्या धंद्यात येतो, त्याच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यातला किती पोचतो, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

कारण कंपनीच्या फाटकावर कचऱ्याची वाट संपत नाही. वाटेतच त्यातले प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा, काच वेगळे होते. वेचणाऱ्या बाईकडून ते छोट्या भंगारवाल्याकडे जाते, त्याच्याकडून मोठ्या भंगारवाल्याकडे, तिथून गोदामात. गोदामात निवडून त्याचे गठ्ठे बांधले जातात आणि गठ्ठे कारखान्याला जातात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या रांगा लागतात. उरणच्या बाजूला न्हावा-शेवा बंदरात परदेशातली रद्दी आणि भंगार धातू कंटेनर भरभरून उतरतो. म्हणजे लंडनच्या घरातला रद्दी कागद रायगड जिल्ह्यात येतो आणि आपल्या घरातली बाटली कुठल्या तरी कापड गिरणीचा धागा बनून परदेशी जाते. ही एक साखळी आहे. वरच्या कडीला वातानुकूलित कचेरी आहे, हिशेब आहे, ऑडिट आहे. जसजसे खाली जाऊ तसतसा कागद कमी होतो. शेवटच्या कडीला कागदच नाही. आणि जिथे कागद नसतो तिथे माणूस गुलाम व्हायला वेळ लागत नाही.

बेड्या दिसत नाहीत

गुलामी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बेड्या येतात, आफ्रिकेतली जहाजे येतात. आजच्या गुलामीला बेडी लागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामीत होती. त्यातली पावणेतीन कोटींहून अधिक सक्तीच्या मजुरीत. ही सारी माणसे साखळदंडाने बांधलेली नव्हती. कुणाला कर्जाने बांधले होते, कुणाला अडवून ठेवलेल्या पगाराने, कुणाला काढून घेतलेल्या कागदपत्रांनी.

पनवेल स्टेशनजवळ एका चहाच्या टपरीवर एक ताई भेटल्या. आता त्या एका सोसायटीत झाडलोट करतात. त्याआधी काही वर्षे दुसऱ्या एका शहरात प्लास्टिक निवडण्याच्या गोदामात होत्या. त्यांनी सांगितले ते असे:

"दादा, पोरीच्या दवाखान्यापायी मुकादमाकडनं उचल घेतली होती. गावातच दिली त्यानं, लई गोड बोलून. तिथं गेल्यावर आधार कार्ड घेतलं, म्हणला बँकेत खातं काढायचंय. खातं निघालं, पण एटीएम कार्ड त्याच्यापाशी. पगार पडायचा माझ्या नावावर आन् काढायचा तो. राहायला गोदामाच्या मागंच पत्र्याची खोली, तिचं भाडं कापायचा. हातमोजे दिले, त्याचं कापलं. उचल काही फिटंना. माय वारली तवा गावाकडं जायचं म्हणलं, तर म्हणला, आधी हिशेब कर, मग जा. हिशेबाचं बुक त्याच्याकडं. मी काय हिशेब करणार?"

"मग सुटलात कशा?"

"धाकटा दीर आला. शिकलेला हाय. त्यानं पोलिसाचं नाव काढलं, तवा आधार कार्ड दिलं फेकून. चार महिन्याचा पगार ऱ्हायला तो ऱ्हायलाच."

ताईंना कुणी मारले नव्हते. दाराला कुलूप नव्हते. तरी त्या गुलाम होत्या, कारण त्यांना जाता येत नव्हते. ओळखायची खूण हीच. काम घाणीचे आहे, पगार थोडा आहे, एवढ्याने कुणी गुलाम होत नाही. तो अन्याय असतो आणि त्याच्याशीही लढावेच लागते. पण ज्या दिवशी माणसाला "मी उद्यापासून येत नाही" असे म्हणता येत नाही, त्या दिवशी तो गुलाम झाला.

हे आपल्या ओळखीचे आहे

आपल्या समाजाला हे कुणी पुस्तकातून शिकवायला नको. महारकी वतन म्हणजे दुसरे काय होते? गावाचे निरोप न्या, मेलेली गुरे ओढा, सरकारी सामान वाहा, दिवसरात्र हाकेला ओ द्या. बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकरी. कामाला वेळ नाही, पगाराला आकडा नाही, सोडून जायची मुभा नाही. जमीन दिली आहे ना, मग राबलेच पाहिजे. आजची उचल आणि कालचे वतन यांत फरक फार थोडा आहे.

याच जिल्ह्यात, पनवेलहून गोवा महामार्गाने खाली गेले की महाड लागते. १९२७ च्या मार्चमध्ये तिथे चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले हे आपण दरवर्षी आठवतो. पण त्याच परिषदेत मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असाही संदेश दिला गेला, हे आपण कमी आठवतो. पाण्याचा हक्क आणि घाणीच्या सक्तीतून सुटका या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी मागितल्या गेल्या. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. १९३७ साली कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल आणले. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आणि संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. हे कलम केवळ सरकारला नव्हे, खासगी मालकालाही बांधते.

आपण वतन टाकले. पण आपल्या शेजारी अजून काही बांधव तिथेच उभे आहेत. पनवेल तालुक्यात कर्नाळ्याकडे आणि माथेरानच्या डोंगराकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पूर्वी खैराचा कात काढत म्हणून कातकरी. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. जायच्या आधी बयाणा घेतलेला असतो. हिशेब मालकाच्या वहीत. बयाणा फिटला नाही तर पुढल्या वर्षी त्याच भट्टीवर. २०२२ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडची कातकरी मुले काहीशे रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे कामाला दिल्याचे उघड झाले. त्यातली एक मुलगी दगावली तेव्हा कुठे गाजावाजा झाला. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून असे कितीतरी वेठबिगार सोडवले. तेव्हा गुलामी कुठे दूर नाही. ती एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे.

कायदा काय म्हणतो

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्याने उचलीपोटी राबवून घेणे गुन्हा ठरवला आणि तसले कर्जच रद्द केले. म्हणजे वेठबिगाराने उचल फेडायची नसते! कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. जिल्हाधिकारी आणि त्याने नेमलेले अधिकारी यांनी शोध घेऊन सुटका करायची आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या ठेवायच्या असे हा कायदा सांगतो. आपला जिल्हाधिकारी अलिबागला आहे, प्रांत कार्यालय पनवेललाच आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्री व बालकाला दोन लाख आणि अतिगंभीर प्रकरणी तीन लाखांपर्यंत पुनर्वसनाची तरतूद आहे.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मोठी गोष्ट सांगितली. पोट जाळायला दुसरा मार्ग नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमीत राबत असेल, तर तीही २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरीच. भूक हीदेखील सक्तीच आहे, असा त्याचा अर्थ.

मात्र एक सावधगिरीची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. ठेकेदारीचा १९७० चा जुना कायदा मूळ स्वरूपात वीस मजुरांपासून लागू होत असे. नव्या संहितेत ही संख्या पन्नास आहे. झाडलोट आणि कचरा गोळा करणे ही कामे, एखादी संस्था मुळात त्याच कामासाठी नसेल तर, मुख्य कामात धरली जात नाहीत. म्हणजे तिथे ठेकेदार लावायला वाट मोकळी. पण कचऱ्याच्या कंपनीचे काय? तिचा तर जन्मच त्या कामासाठी! तिला हे कसे लागू होईल, हा प्रश्न संघटनांनी उचलून धरला पाहिजे. आणि एक गोष्ट नव्या संहितेतही कायम आहे: ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

"स्वयंसेवक" नावाचे कामगार

कायदा पुस्तकात असतो. तो बाहेर काढायला माणसे लागतात. पनवेलपासून जवळच मुंबईत हे घडले आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा गाड्यांवर हजारो कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे राबत होते, बहुतेक दलित, पुष्कळसे आपले बौद्ध बांधव. ठेके लहान लहान तुकड्यांत तोडले होते, म्हणजे ठेकेदारी कायदा लागू व्हायला नको. कामगारांना नाव काय दिले? "स्वयंसेवक"! आणि पगाराला नाव "मानधन". म्हणजे हे लोक हौसेने मुंबईची घाण उपसतात असे कागद म्हणत होता.

मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखालील कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा कागद फाडला. हातमोजे, गमबूट, प्यायचे पाणी इथपासून लढा सुरू झाला. २७०० कामगारांचे प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ साली जिंकले. पालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे २०१६ साली हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे एप्रिल २०१७ मध्ये हरली. हे कामगार ठेकेदाराचे नसून पालिकेचेच आहेत, त्यांना कायम करा, असा निकाल लागला.

पण या विजयाच्या शेवटीही एक काटा होता. कित्येकांची नावे यादीत एक आणि आधार कार्डावर दुसरी. कुठे काना चुकलेला, कुठे आडनाव बदललेले. त्यापायी निकाल हातात असूनही अनेकांची नोकरी अडून राहिली. वाचकहो, ठेकेदाराच्या माणसाने हजेरीपटावर घाईने लिहिलेले एक अक्षर माणसाच्या आयुष्याची वर्षे खाते!

विलायतेतले एक प्रकरण

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नये. इंग्लंडमध्ये २०१९ साली एका टोळीतल्या आठ जणांना शिक्षा झाली. पोलिसांनी त्या तपासाला ऑपरेशन फोर्ट असे नाव दिले होते. पोलंडमधून बेघर, व्यसनी, नुकतेच तुरुंगातून सुटलेले लोक चांगल्या नोकरीच्या आमिषाने आणले जात. चारशेहून अधिक लोक या जाळ्यात होते. त्यांना कुठे कामाला लावले? शेतांवर, कोंबड्या-टर्की सोलायच्या कारखान्यांत आणि कचरा निवडण्याच्या केंद्रांत. बँकेचे खाते त्यांच्या नावाचे, पैसे काढणारी टोळी. आमच्या टपरीवरच्या ताईंची हकिगत आणि पोलंडच्या त्या माणसांची हकिगत एकच! कातडीचा रंग वेगळा, देश वेगळा, खिशात हात घालण्याची पद्धत तीच.

ब्रिटनमध्ये २०१५ पासून कायदा आहे की वर्षाला तीन कोटी साठ लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या कामात व आपल्याला माल आणि मजूर पुरवणाऱ्यांत गुलामी होऊ नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना कामगार आणि मानवी हक्क यांविषयी अहवाल देणे सक्तीचे केले आहे. चांगली गोष्ट आहे. पण निवेदन चकचकीत कागदावर छापणे सोपे, साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत चालत जाणे कठीण.

कचऱ्याच्या कंपनीला खरोखरच गुलामी रोखायची असेल तर तिने काय करावे? मजूर कुणाकडून घेतला, त्याने मजुराकडून कामाला लावायचे पैसे घेतले का, हे विचारावे. पगार मजुराच्या स्वतःच्या खात्यात जातो आणि कार्ड त्याच्याच खिशात आहे, हे पाहावे. पाच मजुरांचे पगार एकाच खात्यात किंवा दहा मजुरांचा पत्ता एकाच खोलीचा असेल तर कान टवकारावेत. गठ्ठे ज्या गोदामातून घेतो तिथे न सांगता जावे आणि मुकादमाला बाजूला सारून बायकांशी बोलावे. सगळ्यात महत्त्वाचे, ठेका देताना सगळ्यात कमी दराला भुलू नये. किमान वेतन, फंड, विमा यांचा हिशेब मांडला तर जो दर निघतो, त्याच्या खाली कुणी ठेका घेत असेल, तर ती तूट कुणाच्या तरी पोटातून भरली जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि दुसरी वाट आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी, ज्यांत दलित स्त्रिया बहुसंख्य, आपली ओळखपत्रे मिळवली. पुढे त्यांतून स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. मधला मुकादम गेला. काम तेच, पण मान आणि हिशेब आपल्या हाती.

धम्म काय सांगतो

तथागतांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जिवांच्या व्यापारात माणसांचा व्यापारही आला. उचल देऊन माणूस बांधणे हा माणसांचाच व्यापार. सम्यक आजीविका ती हीच. सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाशी कसे वागावे तेही सांगितले आहे: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरातला गोड घास वाटून खावा, वेळेवर रजा द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे पाच नियम कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर आज लावले तर काही कमी पडणार नाही. आणि राजगृहाच्या रस्त्यावर निर्माल्य उचलणारा सुनीत भगवंतांना पाहून अंग चोरून भिंतीला टेकला, तेव्हा त्याला संघात घेऊन थेर करणारा हा धम्म आहे, हे विसरून चालणार नाही.

इथे आपल्यालाही एक आरसा पाहावा लागेल. आता आपल्यातली काही मुले मुकादम झाली आहेत, कुणी लहानसा ठेका घेतला आहे. आनंद आहे. पण विहाराच्या वर्गणीची पावती जो चोख देतो, त्याने आपल्या मजुराला पगाराची चिठ्ठीही तितकीच चोख द्यावी. पंचशील म्हणताना न दिलेले घेणार नाही असे आपण म्हणतो. मजुराचा अडवलेला पगार हे न दिलेले घेणेच होय.

घरच्यांसाठी चार गोष्टी

घरातले कुणी कचऱ्याच्या, झाडलोटीच्या, गोदामाच्या कामाला जात असेल तर शिकलेल्या मुलामुलींनी ही जबाबदारी उचलावी:

आधार कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नये. हवी तर झेरॉक्स द्यावी.

आई-वडिलांचे नाव हजेरीपटावर, आधारवर आणि बँकेत अक्षरन् अक्षर सारखे आहे का ते आजच तपासावे. फरक असेल तर आजच दुरुस्त करून घ्यावा.

घरी एक वही करावी. कोणत्या दिवशी काम केले, किती तास, किती पैसे मिळाले, किती उचल घेतली, किती कापले. तारीख घालून रोज लिहावे. मालकाच्या वहीला उत्तर आपल्या वहीनेच देता येते.

उचल घ्यायची वेळ आलीच तर आधी बचत गटात विचारावे, नातलगांत, विहारात विचारावे. कुणी अडकलेच तर एकट्याने मुकादमाशी भांडू नये. संघटनेला गाठावे, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बालमजूर दिसला तर १०९८ वर फोन करावा.

आणि ज्यांच्या घरी कुणी या कामाला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. सोसायटीच्या सभेत झाडलोटीचा ठेका मंजूर करताना दर किती, एवढेच विचारू नका. पगार किती, तो कुणाच्या खात्यात जातो आणि फंड भरला जातो का, हेही विचारा. पहिल्या दिवशी लोक हसतील. दुसऱ्या सभेत कुणी तरी तुमच्या बाजूने बोलेल.

बाबासाहेबांनी आपल्याला गावकीच्या कामातून सोडवले ते शहरात येऊन दुसऱ्या कुणी तरी आपल्यासाठी बांधून राबावे म्हणून नव्हे. सुटका एकट्याची नसते. वही घ्या, पेन घ्या आणि आज संध्याकाळीच पहिली ओळ लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!